एकोणीस मापाची चेन

शू जंक्शनच्या डेपोत सार्सेनबायला निरोप दिला, त्या दिवशी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एकट्या सार्सेनबायने नाही. लोकांना वाटलं, गडी गहिवरला. चौतीस वर्षं मालगाडीचं इंजिन चालवलेला माणूस, गहिवरणारच. खरी गोष्ट निराळी होती. सहकाऱ्यांनी वर्गणी काढून त्याला घड्याळ घेतलं होतं. डेपोच्या साहेबांनी ते थाटात त्याच्या मनगटावर ठेवलं, आणि पट्टा काही केल्या शेवटच्या भोकापर्यंत पोचेना. सार्सेनबायचं मनगट म्हणजे घोड्याचा पाय. साहेब फोटोवाल्याकडे बघून हसत हसत ओठांच्या कोपऱ्यातून म्हणाले, "धरून ठेव." मग त्याने उजव्या हाताने डावं मनगट धरलं ते तीन भाषणं आणि दोंब्र्याच्या दोन तारा छेडत म्हटलेलं एक लांबलचक गाणं संपेपर्यंत सोडलं नाही. टाळ्या वाजवणार कशाने?

घड्याळ मात्र होतं देखणं. नवंकोरं, पण घाट सगळा जुना. पांढरी, मुद्दाम किंचित पिवळसर केलेली तबकडी, काळे ठसठशीत आकडे, सेकंदकाट्याला खाली स्वतंत्र छोटं घर. सार्सेनबाय नोकरीला लागला तेव्हा जुने ड्रायव्हर असलीच घड्याळं घालायचे आणि नव्या पोरांना हातसुद्धा लावू द्यायचे नाहीत. त्याने तेव्हापासून मनात धरलं होतं की एक दिवस. तो दिवस निवृत्तीच्या दिवशीच उगवला.

बायकोने, म्हणजे कलाम्पिरने, घड्याळ उलटसुलट करून पाहिलं. "नवं असून म्हातारं दिसतंय," ती म्हणाली. "जोडी जमली. तुम्ही म्हातारे असून अक्कल अजून नवीकोरी, पेटीतून काढायचीय."

पट्ट्याचं तसं काही अडलं नसतं. बाजारात लांब पट्टे मिळतात. सार्सेनबायने आणला, बांधला, आणि चौथ्या दिवशी मनगटाला लालभडक पुरळ उठलं. दुसऱ्या कातड्याचा आणला, तरी तेच. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तुम्हाला कातडं सोसत नाही. ही बातमी गल्लीत पसरायला एक चहाचा घोट पुरला. ती पसरवली कुणी हे मी सांगणार नाही, पण ती त्याच घरात राहते.

"ऐकलंत का," कलाम्पिर शेजारणींना म्हणायची, "ह्यांचे पणजोबा कातड्याच्या बुधल्यातून घोडीचं दूध प्यायले, कातड्याची विजार घालून हिंडले, कातड्याच्या खोगिरावर जन्म काढला. आणि ह्यांना बोटभर पट्ट्याने खाज सुटते!"

तेव्हा राहता राहिली चेन. पोलादी कड्यांची, खळकन् बंद होणारी. चेन म्हणजे काय, बाजारात पोत्याने पडलेल्या असतात, असं सार्सेनबायला वाटलं. इथेच फसला.

शूच्या बाजारात घड्याळजी एकच, लिगाय नावाचा कोरियन म्हातारा. शेजारच्या गाळ्यावर त्याची बायको लसूण घातलेलं गाजराचं लोणचं विकते, त्यामुळे गावातल्या समस्त दुरुस्त घड्याळांना लसणाचा वास येतो. लिगायने डोळ्याला भिंग लावलं, घड्याळाच्या दोन्ही अंगांना पट्टा अडकवायचे जे कान असतात त्यांच्यामधलं अंतर मोजलं, आणि सुस्कारा टाकला.

"एकोणीस," तो म्हणाला.

"मग एकोणीसची दे."

"एकोणीसची नसते. अठराची असते, विसाची असते."

"अठराची बसव."

लिगायने बसवली. चेन दोन्ही बाजूंनी हलायला लागली, खुळखुळ्यासारखी वाजायला लागली. विसाची तर कानांत शिरेचना.

"थोडी घासून बसव ना."

"बसवीन की. पण मग लोक विचारतील, हे कुणी बसवलं. आणि तू माझं नाव सांगशील." लिगायने घड्याळ परत केलं. "हे बघ, ज्यांनी जुन्याची नक्कल केली त्यांनी कानांसकट केली. तेव्हा चेनही त्याच काळातली पाहिजे. ती आता दुकानात नाही. ती म्हाताऱ्यांच्या मनगटांवर आहे." आणि पत्र्याची एक पट्टी बरोबर एकोणीस मिलिमीटर रुंद कापून त्याने सार्सेनबायच्या हातात ठेवली. "कानांमध्ये ही बसली, की समज चेन सापडली."

त्या दिवसापासून सार्सेनबाय फार आदबशीर झाला. आमच्याकडे वडीलधाऱ्यांशी हात मिळवताना दोन्ही हातांनी मिळवतात. हा डाव्या हाताने त्यांचं मनगटच चाचपायचा. लग्न असो, मयताचं जेवण असो, मशिदीचं आवार असो, दिसला म्हातारा की हा धावला. लोक म्हणायचे, निवृत्त झाल्यावर काय नम्र झालाय! एका म्हाताऱ्याने तर विचारलं, "काय रे, नाडी बघायला कधी शिकलास? किती दिवस उरलेत माझे?" सार्सेनबाय तोवर बाहीखाली पत्र्याची पट्टी सरकवत होता. "अठराच," तो निराश होऊन म्हणाला, आणि म्हाताऱ्याने त्या रात्रीपासून मृत्युपत्राची भाषा सुरू केली. अठरा दिवस त्याच्या घरी कुणाला सुख नव्हतं.

दीड महिना असा गेला. घड्याळ शर्टाच्या खिशात, मनगट उघडं. आणि एका सकाळी चहाला बसलेला असताना सार्सेनबायने कपाळावर हात मारला. "अरेच्चा! मामा!"

ओतेगेन मामा, त्याच्या आईचे धाकटे भाऊ. वय चौऱ्याऐंशी. मोयिनकुमच्या वाळवंटाला लागून असलेल्या वस्तीवर राहतात. पूर्वी सरकारी कळपाचे घोडे राखायचे, आणि सगळ्या जिल्ह्यात शिंगरं जास्त जगवली म्हणून त्यांना एक घड्याळ बक्षीस मिळालं होतं. ते घड्याळ त्यांच्या हातावर आजही आहे. अकरा वर्षं त्यात पावणेचार वाजलेत, पण ते काढत नाहीत. आणि त्याला चेन आहे! ऐन उमेदीत मामांचं मनगट भाच्यासारखंच होतं. आता हात वर केला की चेन घसरत कोपरापर्यंत जाते.

"मामा!" कलाम्पिरने कपबशी खाली ठेवली. "आली एकदाची आठवण! मी महिनाभर हेच म्हणतेय. जा, आणि शिंगरू घेऊन या."

इथे जरा थांबून रीत सांगितली पाहिजे. आमच्याकडे बहिणीच्या मुलाने आयुष्यात तीनदा मामाच्या घरात उभं राहून "हे मला द्या" म्हणावं, आणि मामाने निमूट द्यावं. नाही म्हणायची सोय नाही. भाचा रुसून उंबऱ्याबाहेर पडला तर त्या घरच्या घोड्या गाभण राहत नाहीत, म्हणतात. भाच्यावर हात उगारला तर तो हात म्हातारपणी थरथरतो, असंही म्हणतात. सार्सेनबायची दोन मागणी होऊन गेली होती. सातव्या वर्षी त्याने शिकारी कुत्रीचं पिलू मागितलं. ते चार दिवसांत तीस कोस धावत मामांकडे परत गेलं, पण मागणं ते मागणंच. अठराव्या वर्षी त्याने मामांची साइडकारवाली मोटारसायकल मागितली. मामा त्या रात्री जेवले नाहीत. आठ दिवसांनी मोटारसायकल कालव्यात गेली. सार्सेनबाय वर आला, ती नाही आली.

राहिलं होतं तिसरं. चाळीसेक वर्षं ते शिल्लक होतं, आणि सगळ्या गोतावळ्याचा त्यावर डोळा होता. कलाम्पिरचा जास्त, कारण धाकटी लेक मार्झान अल्मातीच्या मुलाला दिली होती आणि पंधरा दिवसांनी व्याही पहिल्यांदा घरी यायचे होते. व्याह्याला घोडा भेट देऊन त्यावर बसवायचं आणि अंगावर भरजरी झगा घालायचा, ही आमची शोभा.

"झगा मी शिवलाय," कलाम्पिर म्हणाली. "घोडा कुठाय? मामांच्या करड्या घोडीचं शिंगरू, दोन वर्षांचं. असं जनावर पंचक्रोशीत नाही. हातात हक्क आहे, तो वापरायचा कधी? कबरीत नेणार का?"

"व्याही दातांचा डॉक्टर आहे गं. तिसऱ्या मजल्यावर राहतो. घोडा काय गच्चीत बांधणार?"

"ते तो बघेल. माझ्या जावेने तिच्या व्याह्याला घोड्यावर बसवलं, आणि मी काय खुर्चीवर बसवू?" मग तिने त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. बत्तीस वर्षांच्या संसारात बाईला वेगळं भिंग लागत नाही. "तुम्ही चेनीसाठी निघालात!"

"छे!"

"तिसरं मागणं लोखंडाच्या साखळीवर उधळलंत ना, तर त्याच साखळीने स्वतःला डेपोत बांधून घ्या. घरी येऊ नका."

"बघू," सार्सेनबाय म्हणाला. बायकोला जो नवरा "बघू" म्हणतो त्याचं काय होतं हे सगळ्यांना माहीत आहे, तरी सगळे म्हणतात.

तो दुसऱ्या दिवशी दुपारी वस्तीवर पोचला. बातमी आदल्या दिवशीच पोचली होती. कलाम्पिरने एकाच शेजारणीला, कुणाला सांगू नकोस म्हणून, सांगितलं होतं. मामांच्या अंगणात करडं शिंगरू कुठे दिसेना. घरात मामा डोक्याला फडकं बांधून गोधडीवर आडवे पडले होते.

"मामा, काय झालं?"

"निघालोय."

"कुठे?"

"वर." मामांनी एक डोळा उघडला. "एकटाच आलास? दोर वगैरे काही आणलं नाहीस ना?"

"दोर कशाला?"

"काही नाही. हल्ली लोक दोर घेऊन फिरतात."

मामांची सून शोल्पान चहा घेऊन आली. आमच्या सुना सासरच्या थोरांची नावं घेत नाहीत, टोपणनावाने काम भागवतात. सार्सेनबायला ती इंजिनभाऊजी म्हणते. शिवाय बुधवारला आमच्या भाषेत सार्सेन्बी म्हणतात, त्यामुळे तिच्या आठवड्यात बुधवारच नाही.

"या इंजिनभाऊजी. बरं झालं आज आलात. तुम्ही येणार हे कालच कळलं होतं, मंगळवार नि गुरुवारच्या मधल्या दिवशी."

एवढ्यात अंगणापलीकडच्या न्हाणीघराच्या दारावर आतून धाडकन् काहीतरी आदळलं.

"न्हाणीघरात कोण आहे?" सार्सेनबायने विचारलं.

"पाहुणे आहेत. अंघोळ करतायत."

पुन्हा धाडकन्. दाराची फळी हलली.

"लाथा मारत?"

"पाणी कढत लागलं असेल."

मग आतून एक लांबलचक खिंकाळी आली. शोल्पानने न डगमगता साखरेचं भांडं पुढे केलं. "गाताहेत," ती म्हणाली.

मामा एव्हाना उठून बसले होते, कारण चुलीवरच्या मटणाचा वास वर जायला निघालेल्या माणसालाही परत आणतो. त्यांनी दाखवायला सुरुवात केली. "हा चहाचा समोवार बघितलास? तुझ्या आजीचा. लोक जीव टाकतात ह्याच्यावर. आणि ते खोगीर? चांदीचं काम आहे. कुणी मागितलं तर मी एका शब्दाने नाही म्हणणार नाही."

सार्सेनबायचं लक्ष कुठे होतं? मामांच्या मनगटावर. मामांना वाटलं, त्यांच्या हाताआडून हा खिडकीबाहेर न्हाणीघराकडे बघतोय. त्यांनी हात सरकवून खिडकी झाकली. सार्सेनबायची नजर हाताबरोबर सरकली.

मामांनी चहाचा वाडगा उचलला तेव्हा हात थरथरला, चेन खळखळत कोपराकडे गेली, निम्मा चहा मांडीवर.

"बघ," मामा म्हणाले, "तुझ्यापायी. नऊ वर्षांचा असताना वळूचं दार उघडलंस म्हणून एक चाबूक मारला होता. एकच. आता हे भोगतोय."

"दोन मारले होते, मामा."

"दुसरा लागला नव्हता."

"लागला होता. द्या, मी वाडगा धरतो." आणि एका हाताने वाडगा धरताना दुसऱ्या हाताने त्याने हळूच लिगायची पट्टी काढली आणि मामांच्या घड्याळाच्या कानांमध्ये टेकवली. ती बरोबर बसली. ना सैल, ना घट्ट. दीड महिना, बावीस म्हातारे, आणि एकोणीस शेवटी इथे! सार्सेनबायच्या काळजाने इंजिनासारखी शिट्टी घातली.

"काय टोचतोयस?"

"काही नाही, मामा. चहा पुसतोय."

संध्याकाळी बेशबर्माकचं, म्हणजे उकडलेल्या मटणाचं नि रुंद शेवयांचं, मोठं ताट मांडलं तेव्हा खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. बोलावलं कुणालाच नव्हतं, पण भाचा तिसरं मागणार म्हटल्यावर फुकटचा तमाशा कोण सोडतो? तीन पांढऱ्या दाढीचे म्हातारे वरच्या अंगाला बसले, बायका दारात, उरलेले खिडकीत. सार्सेनबायच्या पुढ्यात मेंढीचं डोकं ठेवलं. त्याने रीतीप्रमाणे कान कापून वाटला, आणि उभा राहिला.

उभा राहिला खरा, पण सुरीच पुसत राहिला. एकीकडे कलाम्पिर, शिवलेला झगा आणि ती जाऊ. तिने तोंडाने आग ओकली तरी तिची लाज राखायची ती ह्यानेच. चार लोकांत व्याह्याला खुर्चीवर बसवताना तिचा चेहरा कसा होईल, ते त्याला दिसत होतं. दुसरीकडे शोल्पानने दुपारी सांगून ठेवलं होतं की करडी घोडी वसंतात मेली, शिंगरू त्यानंतर दोन दिवस खाईना, तेव्हा मामा त्याच्याशेजारी गवतात झोपले. नेलं तर काय होणार? दातांचा डॉक्टर दोन मिनिटं वर बसणार, फोटो काढणार, उतरणार. आणि हिवाळ्यात कुणीतरी त्या जनावराचे सॉसेज करणार. मामा समोर मान खाली घालून बसले होते. आणि तिसरीकडे, खोटं कशाला बोलू, ती चेन होती. दया म्हणा, लोभ म्हणा, त्या क्षणी दोन्ही एकाच बाजूला बसले होते.

"मामा," तो म्हणाला, "तुमच्या हातातली चेन द्या."

खिडकीतली डोकी आणखी आत आली.

"घड्याळ?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"घड्याळ नको. नुसती चेन."

मामांनी मान वर केली. आधी त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचा उजेड आला. पण तो टिकला किती? खिडकीतून कुणीतरी फिसकन् हसलं, आणि मामांचा चेहरा लाल व्हायला लागला, कानांपासून सुरुवात करून.

"चेन?" ते उठून उभे राहिले. फडकं निघून पडलं, आजार त्याच्याबरोबर. "चाळीस वर्षं थांबून चेन? उद्या लोक काय म्हणतील? ओतेगेनच्या घरी भाचा शेवटचं मागायला आला आणि न्यायला लोखंडाशिवाय काही सापडलं नाही! मी काय भंगारवाला आहे? दुसरं काही माग!"

"मला तीच हवी."

"शोल्पान! न्हाणीघर उघड!"

"आबा, पाहुण्यांची अंघोळ..."

"उघड म्हणतो ना!"

मामा तरातरा गेले आणि स्वतःच्या हाताने शिंगरू ओढत दारापर्यंत घेऊन आले. राखाडी, ओलसर, अंगाला न्हाताना अंग घासायच्या बर्चच्या पानांचा वास, आणि दिवसभराच्या कोंडमाऱ्याने डोळे वटारलेले. दोर त्यांनी भाच्याच्या छातीवर फेकला. "घे! आणि गावाला सांग, काय दिलं ते!"

सार्सेनबायने दोर परत दिला. "मी चेन मागितली. मागितलेलं द्यायची रीत आहे, मामा. नको असलेलं कोंबायची नाही."

"मी शिंगरू देतो!"

"मी घेत नाही!"

"घेशील!"

"नाही घेणार! दुसराही हात थरथरायला लावू का?"

तीन म्हाताऱ्यांमध्ये फूट पडली. एकाचं म्हणणं, भाच्याचा शब्द अखेरचा. दुसरा म्हणाला, इतकं क्षुल्लक मागणं हा मामाचा अपमान, असा भाचा त्याने आयुष्यात पाहिला नाही. तिसरा मटण थंड होतंय म्हणून दोघांवर चिडला. शेवटी मामांनी भाच्याची बाही धरली आणि त्याला गवताच्या गंजीमागे नेलं. शिंगरूही मागोमाग आलं, कारण त्याचा दोर अजून मामांच्याच हातात होता.

"अक्कल आहे का तुला?" मामा दबल्या आवाजात म्हणाले. "एका फटक्यात तिसरं उडवलंस. आता पुढच्या खेपेला काय निमित्त काढून येणार?"

"निमित्त कशाला? असाच येईन की."

"येशील! तुझा मावसभाऊ ओस्पान बघ. तिन्ही मागून बसला. गाय, शिवणयंत्र, गालिचा. नऊ वर्षं झाली, तोंड दाखवलं नाही. का दाखवेल? इथे त्याचं काय उरलंय?" मामांनी शिंगराच्या मानेत बोटं खुपसली. "तुझं एक शिल्लक होतं. तू यायचास, मी लपवायचो. गेल्या साली खोगीर लपवलं, त्याआधी बोकड. वर्षभर विचार करतो मी, ह्या खेपेला काय लपवायचं. हिवाळा त्यात जातो."

सार्सेनबायने चौतीस वर्षं सिग्नल ओळखले होते. हा त्याला कधी दिसलाच नव्हता.

"पण मागून तर बसलो, मामा. सगळ्यांनी ऐकलं."

मामांनी दाढी खाजवली. घोडे राखणारा माणूस, बारा गावचं पाणी प्यायलेला. "जेवणानंतरचा आशीर्वाद झाला का?" त्यांनी विचारलं.

"नाही अजून."

"मग झालं! आशीर्वादाआधीचं बोलणं म्हणजे तोंडी लावणं. ते मागणं धरत नाहीत."

"हे कुणी ठरवलं?"

"माझ्या आजोबांनी. तू तेव्हा नव्हतास."

दोघं आत आले आणि मामांनी हा नियम तीन म्हाताऱ्यांपुढे ठेवला. त्यांनी तो कधी ऐकला नव्हता, पण ताटात अजून मटण होतं आणि जो नियम जेवण लांबवतो तो जुना असलाच पाहिजे, यावर तिघांचं एकमत झालं. मागणं रद्द. मग मामांनी चेन खळकन् उघडली आणि सार्सेनबायच्या पुढ्यात ठेवली.

"ही देत नाहीये. वापरायला नेतोयस. माझी आहे. दर महिन्याला आणून दाखवायची, एक कडी कमी झाली तर तुझी खैर नाही."

सार्सेनबायने खिशातून आपलं घड्याळ काढलं आणि सुरीच्या टोकाने मामांच्या घड्याळाची चेन सोडवली. चेन सार्सेनबायच्या घड्याळाच्या कानांत जाऊन बसली ती अशी, जणू आईच्या पोटातून एकत्र आली होती. त्याने मनगटावर चढवली, मिटली, हात हलवला. आवाज नाही, हालचाल नाही. सार्सेनबाय हसला तेव्हा मामांनी दुसरीकडे पाहिलं. घड्याळाबरोबर आलेला जो आखूड पट्टा त्याच्या मनगटाला पुरला नव्हता आणि खिशातच पडून होता, तो मामांच्या घड्याळाला लागला आणि तिसऱ्या भोकात बसला. "कातडं बरं," मामा म्हणाले. "थंडीत चटका देत नाही. आणि आम्हाला काही खाज सुटत नाही बुवा."

घरी कलाम्पिर दारातच उभी होती. तिने त्याच्यामागे पाहिलं, घोडा नाही. मग मनगट पाहिलं. ती दारातून तसूभर हलली नाही, आणि सार्सेनबायला डेपोत खाट मिळेल का, याचा विचार सुरू झाला.

"तिसरं मागणं अजून शिल्लक आहे," तो घाईने म्हणाला.

"मग ही चेन?"

"उसनी."

"आणि शिंगरू?"

"न्हाणीघरात."

कलाम्पिरने हे सगळं डोक्यात नीट लावून पाहिलं. पण व्याही यायला बारा दिवस होते आणि झगा एकटाच खुंटीला लटकत होता. ते बारा दिवस तिने सार्सेनबायला जो चहा दिला, तो चहा होता की गरम पाणी, हे तोही सांगू शकणार नाही.

व्याही आले. दातांचा डॉक्टर, त्याची बायको, दोन आत्या. जाऊबाई पुढच्या ओळीत बसून खुर्च्या मोजत होत्या. कलाम्पिरने झगा हातात घेतला आणि मान ताठ ठेवून पुढे निघाली, तेवढ्यात फाटक उघडलं आणि ओतेगेन मामा आत आले. भाड्याच्या गाडीतून, नवी टोपी घालून, हातात नुसता एक लगाम. ते थेट व्याह्यापुढे गेले.

"मी मुलीच्या बापाचा मामा," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "ह्या भाच्याला मागायची अक्कल नाही, म्हणून मी न मागता देतो. माझ्या करड्या घोडीचं शिंगरू आजपासून तुमचं." लगाम त्यांनी डॉक्टरच्या हातात दिला. "पण ते तिसऱ्या मजल्यावर चढणार नाही. माझ्याच कळपात चरेल. भेटायला यायचं. रविवार बरा पडतो."

डॉक्टर घोड्यांना घाबरत होता हे नंतर कळलं. त्यामुळे कळपात चरणारा घोडा त्याला इतका आवडला की त्याने मामांना मिठीच मारली. कलाम्पिरने झगा त्याच्या खांद्यावर टाकला आणि जावेकडे असं पाहिलं की जावेने खुर्च्या मोजणं बंद केलं.

आता दर रविवारी मामांच्या अंगणात दोन गाड्या उभ्या असतात. एक सार्सेनबायची खटारा, आणि एक अल्मातीची चकचकीत. डॉक्टर साखरेचे खडे घेऊन येतो आणि मामा त्याच्याकडून तबेला झाडून घेतात, म्हणतात, मालकाने एवढं करायलाच हवं. सार्सेनबाय मनगट पुढे करतो, मामा एकेक कडी मोजतात, आणि मध्येच तो खोगिराकडे जरा जास्त वेळ पाहतो, म्हणजे मामांना पुढच्या आठवड्याला काम मिळतं. संध्याकाळी गाड्या गेल्या की मामा फाटकाशी उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "जीव खाल्ला या लोकांनी. एक रविवार सुखाने पडू देत नाहीत."